बरणी कुणी आत न्यायची

लोकांची पत मोजणाऱ्यांनो, तुम्ही खोटारडे आहात. हे तोंडावर सांगितलं असतं, पण तुमचं तोंड कुठे सापडत नाही. तुमच्या ऑफिसाला दार नाही, खिडकी नाही. फोन केला तर यंत्र बोलतं, आणि ते यंत्रही आधी मलाच विचारतं की तू कोण. म्हणून इथे लिहिते. नोरिंग दिमाकुलांगान या बाईबद्दल तुम्ही काय कळवलंत ते मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय. "पत ठरवण्याइतकी माहिती उपलब्ध नाही."

भाड्याच्या घरांच्या ऑफिसात बसलो होतो. टेबलामागच्या माणसाच्या गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर नाव ब्रेंट. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

"बघा, मी काही लपवत नाहीये. तुमच्या नावापुढे काही येतच नाही."

"काही येत नाही म्हणजे चांगलंच ना?" नोरिंग म्हणाली. "माझ्यावर कुणाचं एका सेंटचं देणं नाही."

"तीच तर अडचण आहे."

नोरिंगने माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या भाषेत विचारलं, "चायोंग, हा माझी चेष्टा करतोय का गं?"

"नाही, आते. यांच्यात असंच असतं."

"म्हणजे मी देणेकरी असते तर मला घर मिळालं असतं?"

"देणेकरी असतीस आणि थोडं थोडं फेडत असतीस, तर पळत येऊन किल्ली दिली असती."

आते म्हणजे थोरली बहीण. नोरिंग माझी सख्खी कुणी नाही. दोघी फिलिपिन्सच्या, पण ती बातांगासची, मी इलोइलोची. तिकडे असतो तर एकमेकींना ओळखलंही नसतं. पण इथे कॅनडात, विनिपेगमध्ये मी उतरले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात मला बूट कुठले घ्यायचे हे तिने सांगितलं. इथे तेवढ्यावर माणूस थोरली बहीण होतं.

ब्रेंटने चष्मा वर सरकवला. "एक कार्ड दिसतंय तुमच्या नावावर. पण त्याचं बिल दर महिन्याला शून्य आहे. तुम्ही कार्ड वापरतच नाही का?"

"वापरते की! दर महिन्याला तांदळाची गोणी घेते."

"मग बिल शून्य कसं?"

"संध्याकाळी बँकेत जाऊन भरून टाकते ना."

"त्याच दिवशी?"

"मग काय दुसऱ्याचे पैसे घरात ठेवून झोपू?"

ब्रेंट हसला नाही, हे त्याचं भलेपण. पण मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. बँकेतल्या बाईने नोरिंगला नीट सांगितलं होतं की काहीतरी घ्या, बिल येईपर्यंत थांबा, मग भरा, म्हणजे तुमची पत तयार होईल. नोरिंगने सगळं ऐकलं, फक्त थांबायचं ऐकलं नाही. उधारी अंगावर असली की तिला झोप येत नाही. उणे तीसच्या थंडीत, गोणी एका खांद्यावर टाकून ही बाई बस बदलून बँकेत जायची आणि खिडकीतल्या मुलीला म्हणायची, "हे आत्ताच घेतलेलं, आत्ताच काढून टाका." तुमच्या यंत्राला यातलं काय दिसलं? शून्य. एक बाई उधारीला इतकी लाजते की तासाभरात फेडते, आणि तुम्ही लिहिता, माहिती उपलब्ध नाही.

"हमी देणारं कुणी असेल तर बघा," ब्रेंट म्हणाला. "ज्याची पत चांगली आहे असं कुणी. मग घर तुमचं. महिनाअखेरीपर्यंत मी थांबवून ठेवतो."

घर चांगलं होतं. दोन खोल्या, दुसरा मजला, शाळा समोर. शाळा समोर असणं महत्त्वाचं होतं, कारण रोवेलिन येत होती.

रोवेलिन नोरिंगची मुलगी. तिला सहा वर्षांची असताना आजीपाशी ठेवून नोरिंग इकडे लोकांची मुलं सांभाळायला आली. आता पोर पंधराची. सगळे कागद होऊन तिचा व्हिसा एकदाचा आला होता. गाडीत बसल्यावर नोरिंगने हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.

"काल फोनवर काय विचारलं तिने, माहितीये? म्हणाली, मा, तिथे आपलं घर असणार की परत मॅडमचं?"

"तू काय सांगितलंस?"

"आपलं म्हटलं. म्हटलं, दारावर आपलं नाव असेल, तू खालून वाच आणि बटण दाब." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "नऊ वर्षं तिला बाहुल्या पाठवल्या, बूट पाठवले, साबण पाठवले. कधी काही मागितलं नाही पोरीने. हे एकच विचारलं."

नोरिंग मॅडम आणि तिचा नवरा ग्रेग यांच्या तळघरात राहायची. त्या वेळच्या नियमाप्रमाणे बाईला मालकाच्याच घरात राहावं लागायचं. नियमाची वर्षं संपली, पण नोरिंग राहिली, कारण तोवर मॅडमची आई आजारी पडली होती आणि मॅडम म्हणाली होती, "नोरिंग, तू तर आमच्या घरचीच." तळघराची खिडकी जमिनीला टेकलेली. नोव्हेंबरात बर्फ पडला की ती झाकायची ती एप्रिलपर्यंत.

आता लक्ष देऊन वाचा, कारण हे तुमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. त्या खोलीचं भाडं नोरिंग देत होती. दर पगारातून कापून घेत होते. जेवणाचेही कापत होते, आणि जेवण करायची तीच. म्हणजे नऊ वर्षं या बाईने एकदाही न चुकता भाडं भरलं, चुकवायची सोयच नव्हती. ते भाडं कुठे गेलं? तुमच्या यंत्रात का नाही आलं? फोन मॅडमच्या नावावर, वीज मॅडमच्या नावावर, इंटरनेट मॅडमच्या नावावर. आणि मॅडम ही अशी बाई की आलेली बिलं फळांच्या टोपलीत टाकून विसरायची. केळी काळी पडायची, बिलंही तशीच. नोरिंग ती उचलून कॉफीच्या मशीनसमोर उभी करून ठेवायची. "मॅडम, हे आज." मग मॅडम भरायची. आज मॅडमची पत तुमच्याकडे उत्तम आहे. ती कुणी राखली? विचारलंत कधी?

हमीसाठी विचारायला आम्ही मॅडमकडेच गेलो. मी बरोबर गेले, कारण नोरिंग एकटी असती तर विषय काढायच्या आधी भांडी घासायला लागली असती. मागच्या दाराने आत गेलो, बूट काढले. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

मॅडमने सगळं ऐकून घेतलं. मान हलवत ऐकलं. डोळ्यांत पाणीही आणलं.

"अगं नोरिंग, रोवेलिन येतेय! किती छान! मला इतका आनंद झालाय म्हणून सांगू."

"मॅडम, सही..."

"हो, ते. मी ग्रेगशी बोलले. तो म्हणतो, आपण सही कुणासाठीच करत नाही. सख्ख्या भावासाठीसुद्धा केली नाही आम्ही. तुझ्यावर विश्वास नाही असं मुळीच नाही हं."

"भाडं मीच भरणार, मॅडम. तुम्हाला काही करायचं नाही. फक्त नाव."

"नावाचंच तर सगळं असतं ना, राणी."

नोरिंगने फळांची टोपली नीट लावली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणता, मी घरची."

"आहेसच! म्हणून तर पैशाचं मधे आणायला नको. नाती बिघडतात." मॅडमने तिचा हात हातात घेतला. "मी पत्र लिहून देते. खूप सुंदर पत्र. वाचून रडतील ते."

मी तोंड उघडलं. मॅडमच्या आईचं शेवटचं वर्ष माझ्या जिभेवर होतं. त्या वर्षात म्हातारीचे कपडे कुणी बदलले, तिला उचलून कुणी अंघोळ घातली, आणि ती गेली त्या दिवशी मॅडम कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर होती, सगळं बोलणार होते. नोरिंगने माझ्या उघड्या अंगठ्यावर पाय दिला. चांगला जोरात.

निघताना मॅडमने केळ्याचा केक कागदात गुंडाळून दिला. आणि दारात म्हणाली, "हो, आणि खोलीचं लक्षात आहे ना? महिनाअखेरीला सुतार येतायत. तिथे व्यायामाची खोली करायचीये."

गाडीत मी केक मागच्या सीटवर फेकला.

"मला का गप्प केलंस?"

"बोलून काय झालं असतं?"

"मला बरं वाटलं असतं!"

"तुला बरं वाटायला मी नऊ वर्षं काढली नाहीत," नोरिंग म्हणाली. मग मागे वळून तिने केक उचलला, मांडीवर ठेवला. "केळी मीच सोलली होती याची."

रविवारी चर्चनंतर माझ्याकडे भिशी असते. भिशीचे पैसे माझ्या फ्रीजरमध्ये, आइस्क्रीमच्या डब्यात, वर सुकी मासळी. फिलिपिनो घरातल्या आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नसतं हे आमच्या पोरांना कळतं तेव्हाच ती मोठी होतात. डबा माझ्याकडे, पण भिशी नोरिंगची. कुणाची पाळी, कुणाला अडचण, कुणाला पुढे ढकलायचं, ती सांगेल ते. वही नाही, सही नाही. आजवर एकीनेही बुडवलं नाही. पेर्लाचा नवरा गेला तेव्हा पाळी नोरिंगची होती. तिने डबा उचलून पेर्लाच्या मांडीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. तेव्हा तिला रोवेलिनच्या कागदांची फी भरायची होती. ती त्या वर्षी भरली गेली नाही. ही पत नाही तर काय आहे? तुमच्याकडे याला काय शब्द आहे?

त्या रविवारी नूडल्स खाता खाता पेर्लाच म्हणाली, "हमीला आपल्यातलीच कुणी बघा की. मॅडमच्या पाया पडायची काय गरज?"

"आपल्यात कुणाला विचारतं कुत्रं?" नोरिंग म्हणाली.

"चायोंगला विचारतं! चायोंगची पत बघा जरा. गाडी कर्जाची, फ्रीज कर्जाचा, टीव्ही कर्जाचा. हिच्यावर इतकी उधारी आहे की हिला अख्खं शहर ओळखतं."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मी पार्का, म्हणजे बर्फातले जाड कोट, शिवण्याच्या कारखान्यात आहे, पगार नोरिंगच्या इतकाच, आणि हात माझा तिच्यापेक्षा सैल. तीन कार्डं आहेत. एकाचं दुसऱ्यावर ढकलत असते. माझ्या आईला कळलं तर मला घरात घेणार नाही. पण दुसऱ्या दिवशी ब्रेंटने माझं नाव यंत्रात टाकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा! उत्तम आहे की तुमचं."

"उत्तम?"

"फारच छान. तुम्ही हमी कशाला देता, घर तुमच्याच नावावर घ्या. हमीचे कागद वरून मंजूर होईपर्यंत महिनाअखेर उलटेल. या बाई तुमच्याबरोबर राहणाऱ्या म्हणून लावू. आणि यांची मुलगी."

नोरिंग माझ्या शेजारी बसली होती. कोट मांडीवर घडी करून. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

"भाडं कोण भरणार?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा."

"ही भरणार. हिच्या पगारातून, हिच्या खात्यातून, दर महिन्याला."

"चालेल की."

"मग पत कुणाची वाढणार?"

ब्रेंट थोडा घुटमळला. "नाव तुमचं आहे, तर... तुमची."

"आणि हिची?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. तो वाईट माणूस नाही. त्याच्यापुढे तुमची स्क्रीन होती आणि स्क्रीनमध्ये या प्रश्नाला जागा नव्हती, एवढंच.

"आते, उठ," मी म्हणाले. "आपण दुसरीकडे बघू."

"दुसरीकडे काय वेगळं असणार आहे?" नोरिंग म्हणाली. "पोरगी विमानात बसायची आहे, चायोंग. सही कर."

मी सही केली. मी जन्मात इतक्या सह्या केल्यात, फ्रीजसाठी, टीव्हीसाठी, हसत हसत केल्यात. ही सही करताना हसू आलं नाही.

किल्ली मिळाली तरी नोरिंग तिथे राहायला गेली नाही. पलंग नेले, पडदे लावले, रोवेलिनच्या उशीला फुलांचा अभ्रा घातला, आणि झोपायला माझ्या सोफ्यावर आली. घरभरणी व्हायची होती. आमच्यात नव्या घरात सगळ्यात आधी तांदूळ आणि मीठ जातं. त्याच्याआधी तिथे चूल पेटत नाही, कुणी झोपत नाही. आणि ते ज्याचं घर त्यानेच आत न्यायचं, दुसऱ्याने नाही. नाहीतर घरातलं पोट दुसऱ्याच्या हाती जातं, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. नोरिंगने काचेची बरणी धुऊन पुसून तांदळाने भरली. वर मिठाची पुरचुंडी ठेवली. "रोवेलिनच्या हाताने नेऊ," ती म्हणाली. मी नावाचा विषय काढला नाही. तिनेही नाही.

विमानतळावर रोवेलिन बाहेर आली तेव्हा मी ओळखलं नाही. आईहून उंच. अंगात पातळ जाकीट, हातात वाळवलेल्या आंब्याचं पुडकं. नोरिंगने तिला मिठी मारली. पोरीने मिठी मारून घेतली, पाहुण्या बाईला मारू देतात तशी. मी तिच्यासाठी कारखान्यातला पार्का आणला होता. एका खिशाची शिलाई वाकडी गेली म्हणून कमी किमतीत मिळालेला. तो घातल्यावर ती पहिल्यांदा हसली.

"चायोंग मावशी, हा कोट आहे की घर?"

"या गावात दोन्ही एकच, बाई."

गाडीत नोरिंगने बरणी तिच्या मांडीवर दिली. "धर. घरात तूच न्यायचीस." रोवेलिनने ती दोन्ही हातांनी धरली. मिठाच्या पुरचुंडीला हात लावून बघितला. आजीने वाढवलेली पोर, तिला सांगावं लागलं नाही. रस्ताभर ती बरणी पोटाशी धरून बर्फ बघत होती. "किती दूर आहे आपलं घर?" तिने दोनदा विचारलं. आपलं म्हणाली. नोरिंगने माझ्याकडे आरशात बघितलं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

इमारतीच्या बाहेरच्या दाराशी नावांची पाटी आहे. प्रत्येक नावापुढे बटण. पाटीवर नाव घर ज्याच्या नावावर त्याचंच लागतं, हा कंपनीचा नियम. आदल्या दिवशी मी राखणदाराला विचारलं होतं की एक छोटी चिठ्ठी चिकटवली तर चालेल का. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत काढावी लागेल मला, म्हणून चिकटवलीच नाही.

नोरिंगने किल्ली काढेपर्यंत रोवेलिन पाटीपुढे उभी राहिली होती. आईने फोनवर सांगितलं होतं तेच ती करत होती. बरणी एका हाताने छातीशी धरून दुसऱ्या हाताचं बोट नावांवरून खाली खाली नेत होती. शेवटपर्यंत गेली. पुन्हा वर आली.

"मा, आपलं नाव नाहीये."

"थंडी आहे, आत चल," नोरिंग म्हणाली. तिने दार उघडून पाठीने धरलं.

"कुठलं बटण आपलं?"

नोरिंगने किल्ली खिशात टाकली. तिने बोलावं अशी माझी इच्छाही नव्हती. मी बोट ठेवलं. विल्यालुझ, माझं आडनाव.

रोवेलिनने ते वाचलं. मोठ्याने नाही. मग माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. रडली नाही, चिडली नाही. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिला वाटलं, आपल्याला समजलं. आईने मॅडमचं घर सोडून चायोंग मावशीचं धरलंय, एवढंच.

मग ती पोर माझ्यापुढे आली आणि तिने ती बरणी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मान थोडी लववून, मोठ्यांना देतात तशी.

"मावशी, तुम्ही न्या," ती म्हणाली. "घर तुमचं आहे."

नोरिंग पाठीने दार धरून उभी होती. थंडी सरळ आत चालली होती. तिने खाली बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. मान ताठ ठेवून ती समोरच्या शाळेकडे बघत राहिली, आणि दार तिने बंद होऊ दिलं नाही.

मी हात पुढे केला नाही. करणार नाही. तुम्ही सांगा. नऊ वर्षं भाडं हिने भरलं, पुढची वर्षंही हीच भरणार आहे, एक दिवस चुकवणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. यंत्राने नाही, माणसाने उत्तर द्या, खाली स्वतःचं नाव घालून द्या. पोरगी हात पुढे करून दारात उभी आहे. ही बरणी कुणी आत न्यायची?